राजाभाऊ गावंडे कसे मेले नाहीत

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे राजाभाऊ गावंडे जानेवारीतल्या एका संध्याकाळी पोलिसांच्या छाप्यात मरण पावले, अशी बातमी शहरातल्या दोन वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवरच्या एका चॅनलवर आली होती. ते कसे मेले याबद्दल मात्र एकमत नव्हतं. एका पेपरच्या मते गच्चीवरून पडून, दुसऱ्याच्या मते हृदयविकाराने आणि चॅनलच्या मते घाबरून. राजाभाऊंना यातलं काहीच मान्य नाही. मेल्याच्या बातमीचं त्यांना फारसं वाईट वाटलेलं नाही. ‘घाबरून’ हा शब्द मात्र ते अजून विसरलेले नाहीत.

राजाभाऊ मूळचे मूर्तिजापूरचे. एअर फोर्समध्ये स्टोअर्सला होते. विमानाच्या सुट्या भागांपासून कांबळ्यांपर्यंत जे जे गहाळ होई ते शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि शेवटचं पोस्टिंग चंदीगडला झालं. रिटायर झाल्यावर ते गावी परत गेले नाहीत, कारण त्यांच्या पत्नीला, मीनाक्षीताईंना, हे शहर पसंत पडलं होतं. रस्ते सरळ, सेक्टरांना नंबर, पत्ता विचारायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, असं त्या म्हणतात. मी आणि माझा नवरा शिशिर त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. खरं तर वरचा मजला आधी त्यांनाच मिळत होता, ऊनही तिथेच छान येतं. पण राजाभाऊंना उंचीची भीती. विमानं सांभाळणाऱ्या खात्यात इतकी वर्षं काढली, तरी घरातला बल्ब गेला की ते शिशिरला हाक मारतात आणि स्वतः स्टूल धरून खाली उभे राहतात, तेही डोळे मिटून.

रिटायर झाल्यावर त्यांनी सेक्टर बावीसमध्ये बसस्टँडजवळ एक खोली भाड्याने घेतली आणि ‘गावंडे गुप्तचर सेवा’ सुरू केली. बाहेर मोठी पाटी लावली, तिच्याभोवती लाल दिव्यांची माळ सोडली, आणि पाटीवर स्वतःचा रंगीत फोटो छापून घेतला. गुप्तहेराने असा फोटो लावायचा असतो का, असं शिशिरने भीत भीत विचारलं होतं. त्यावर राजाभाऊंचं म्हणणं असं, की माणूस दिसल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही.

त्यांच्याकडे कामं येत ती बहुतेक लग्नाची. मुलगा दारू पितो का, कॅनडात त्याची आधीची बायको आहे का, वगैरे. राजाभाऊंची तपासाची पद्धत सोपी होती. मुलाच्या शेजारी जायचं, मी तुमच्या शेजाऱ्याची चौकशी करायला आलोय म्हणून सांगायचं आणि चहा घ्यायचा. शेजारी सगळं सांगत. उंच, मिशीवाला, मान हलवत ऐकणारा माणूस समोर असला की लोकांना बोलावंसं वाटतं. जे विचारलं नाही तेही सांगत.

पण पंचकुल्याच्या हरकीरत कौर यांचं काम तसं नव्हतं. त्या एका शाळेच्या प्राचार्या होऊन निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलीने, जसलीनने, एक मराठी मुलगा निवडला होता. नाव निमिष, गाव नाशिक, मोहालीच्या नॉलेज सिटीत मुंग्यांवर संशोधन करतो. मुंग्यांबद्दल हरकीरत कौर यांची तक्रार नव्हती. पण हा मुलगा रोज दुपारनंतर सेक्टर बावीसला कुठेतरी जातो, घामाघूम होऊन बाहेर पडतो आणि कधीकधी लंगडतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मुलीला विचारलं तर ती म्हणे, मला माहीत नाही. तेव्हा मराठी मुलामागे मराठीच माणूस लावावा, फोनवर काय बोलतो ते तरी समजेल, असा विचार करून त्या राजाभाऊंकडे आल्या. मुलाला संशय येता कामा नये, ही त्यांची एकच अट. राजाभाऊंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी ते आपला लांब करडा कोट घालून निमिषच्या मागे निघाले. तो कोट त्यांनी थंडीतल्या तिबेटी बाजारातून आणला होता, आणि तो घातला की आपण कुणाच्या लक्षात येत नाही अशी त्यांची समजूत होती. बाजारात निमिष मागे वळला आणि म्हणाला, अंकल, काय मस्त कोट आहे, कुठून घेतला? राजाभाऊंनी त्याला दुकान सांगितलं, कुठल्या रांगेत ते सांगितलं, घासाघीस कशी करायची तेही सांगितलं. मग घरी येऊन मीनाक्षीताईंना म्हणाले, "पोट्टा हुशार आहे. मले वेष बदलावा लागते."

निमिष जायचा ती इमारत बाजाराच्या रांगेतली, तीन मजल्यांची. खाली नवरदेवांच्या कपड्यांचं दुकान, मधे शिंपी, वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका दारावर कॉम्प्युटर कोचिंगची पाटी, दुसऱ्यावर काहीच नाही. तिथून आणखी एक जिना गच्चीकडे जाई आणि त्या जिन्याच्या वळणावर कपड्यांच्या दुकानदाराने आपले जास्तीचे पुतळे उभे करून ठेवले होते. शोकेसमध्ये असतात तसे माणसाएवढे, गोरेपान, कुणाच्या अंगावर शेरवानी, कुणी उघडाच.

राजाभाऊंना जागा पाहताक्षणी आवडली. पुतळ्यांमधे पुतळा होऊन उभं राहिलं की दोन्ही दारं नीट दिसत होती. कोट ओळखीचा झालेला, म्हणून त्यांनी एका पुतळ्याची सोनेरी शेरवानी उतरवून स्वतः घातली, डोक्यावर तुऱ्याचा फेटा चढवला आणि आपला कोट त्या उघड्या पुतळ्याला घालून दिला. थंडी होती, असं ते म्हणतात. पुतळ्याला कसली थंडी, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

थोड्या वेळाने निमिष आला आणि बिनपाटीच्या दारात शिरला. आतून ढोल सुरू झाला. दार अर्धवट उघडंच होतं. राजाभाऊंनी पाहिलं तर आत भांगडा चालला होता. एक दांडगे उस्ताद ढोल बडवत होते, दहापाच जण हात वर करून उड्या मारत होते आणि त्यांच्यात निमिष होता. बाकीचे वर जात तेव्हा तो खाली येई, बाकीचे उजवीकडे वळत तेव्हा तो शेजारच्याच्या पायावर पडे. लंगडण्याचा उलगडा झाला. राजाभाऊ सांगतात की ते पाहून त्यांना हसू आवरेना, आणि पुतळ्याने हसायचं नाही म्हणून त्यांचे डोळे पाण्याने भरले.

नेमकी तीच वेळ पोलिसांनी छाप्यासाठी ठरवली होती. कॉम्प्युटर कोचिंगच्या पाटीमागे क्रिकेटचा सट्टा चाले, अशी खबर त्यांना मिळाली होती. कुठल्या चौकीचे पोलीस ते मी लिहीत नाही; पुढे आमची त्यांच्याशी चांगली ओळख झाली. मोहिमेला ‘ऑपरेशन गुगली’ असं नाव दिलं होतं आणि प्रमुख होते इन्स्पेक्टर सुखचैन सिंग. गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. असं खास नाव दिलेली मोहीम त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती, त्यामुळे वार्ताहरांना त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं.

पोलीस जिन्याने वर आले तसे सटोडिये दार फोडल्यासारखे बाहेर पडून गच्चीकडे पळाले. जिन्यात पुतळे. एकच गर्दी झाली. एका सटोडियाने कोट घातलेला पुतळा ढालीसारखा पुढे धरला आणि त्याला घेऊनच तो गच्चीवर गेला. कठड्यापाशी पोचल्यावर त्याला पुतळ्याचं काय करायचं कळेना. त्याने तो पलीकडे सोडून दिला आणि स्वतः हात वर करून उभा राहिला.

मागच्या गल्लीत रजयांनी भरलेला एक टेंपो निघायच्या बेतात होता. करडा कोट घातलेला तो पुतळा हवेत एक कोलांटी खाऊन रजयांवर पडला, रजयांत बुडाला आणि टेंपो निघून गेला. कोटाच्या खिशातून राजाभाऊंचं ओळखपत्र आणि चष्म्याचं घर तेवढं गल्लीत पडलं. गल्लीच्या तोंडाशी तरसेम नावाचा शिपाई उभा होता. एक माणूस गच्चीवरून पडताना त्याने डोळ्यांनी पाहिला. शिवाय त्याच क्षणी वरून कुणीतरी काळीज फाटल्यासारखं ओरडलं तेही ऐकलं.

ओरडले होते राजाभाऊ. गर्दीच्या रेट्याने ते गच्चीच्या दारापर्यंत ढकलले गेले होते. तिथून त्यांना आपला कोट कठड्यापलीकडे जाताना दिसला आणि ते दाराची कडी धरून खालीच बसले. "गेला, गेला," असं ओरडले.

पोलिसांनी मजल्यावरच्या सगळ्यांना धरलं. सटोडिये, भांगडा शिकणारे, उस्ताद, ढोल, आणि सोनेरी शेरवानीतले राजाभाऊ. नाव विचारलं तेव्हा निमिष अगदी शेजारी उभा होता. खरं नाव सांगितलं तर हरकीरत कौर यांना दिलेला शब्द मोडणार. राजाभाऊंनी आपल्या थोरल्या मेव्हण्याचं नाव सांगितलं, लक्ष्मीकांत. इथे काय करता, तर भांगडा शिकतो. का, तर लग्न आहे. कुणाचं? शेरवानी अंगात असताना दुसरं काय सांगणार? ते म्हणाले, माझंच. लिहून घेणाऱ्या हवालदाराने त्यांच्या पांढऱ्या मिशीकडे पाहिलं आणि अभिनंदन केलं.

चौकीत सगळ्यांना एका खोलीत सतरंजीवर बसवलं. शेरवानी-फेट्यात बाजारातले कोटवाले अंकल निमिषला ओळखू आले नाहीत, मराठी माणूस भेटल्याचा मात्र आनंद झाला. तो आपण होऊन राजाभाऊंजवळ सरकला आणि मन मोकळं करू लागला. जसलीनच्या घरी लग्नात सगळे नाचतात, तिचे मामा तर स्पर्धेत नाचणारे. होणारी सासू फार कडक. तिच्यासमोर ऐन लग्नात आपली शोभा होऊ नये म्हणून तो गुपचूप शिकत होता, जसलीनलाही सांगितलं नव्हतं. पण मुंग्यांची चाल त्याला समजते आणि स्वतःच्या पायांची समजत नाही. राजाभाऊ मान हलवत ऐकत राहिले. ज्या माहितीसाठी ते कितीतरी दिवस हिंडणार होते, ती सगळी त्यांना भुईमुगाच्या शेंगा खाता खाता मिळाली.

इकडे घरी मीनाक्षीताई भाकरी थापत होत्या. फोन आला. गावंडे साहेबांचा अपघात झालाय, गच्चीवरून पडलेत, सामान ओळखायला या. त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि वर येऊन मला म्हणाल्या, "आसावरी, गाडी काढ. हे गच्चीवरून पडले म्हणून सांगून राहिले पोलीस. खोटं आहे." आवाज अगदी नेहमीचा. फक्त पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, त्या मला गाडीत बसल्यावर दिसल्या.

चौकीत इन्स्पेक्टर सुखचैन सिंग यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि ओळखपत्र आणि चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. तीन वार्ताहर भिंतीला टेकून उभे होते. मीनाक्षीताईंनी दोन्ही वस्तू हातात घेऊन पाहिल्या, आमच्याच आहेत म्हणाल्या, आणि माणूस कुठाय असं विचारलं. माणसाचा शोध सुरू आहे, असं उत्तर मिळालं. गावंडे साहेब पळताना कठड्यावरून पडले, रजयांच्या टेंपोत पडले आणि टेंपो गेला. इतक्या उंचावरून पडलेला माणूस वाचत नाही, असं इन्स्पेक्टरांनी हळूच सांगितलं. हे ऐकून एक वार्ताहर बातमी द्यायला निघून गेला.

मीनाक्षीताई आपल्या हिंदीत म्हणाल्या की त्यांचा नवरा गच्चीवर पळत नाही. गच्चीवर गेलाच तर दार धरून बसतो. कठड्यापर्यंत तो स्वतःहून जाणं शक्य नाही. मग त्याला तिथवर नेलं कुणी? ढकललं कुणी?

इन्स्पेक्टर दचकले. ढकलायचा प्रश्नच नाही, ते म्हणाले. पोलीस पाहून घाबरले असतील, भीतीने माणसाला दिशा सुचत नाही. दुसरा वार्ताहर, चॅनलवाला, फोन कानाला लावून बाहेर पडला. मीनाक्षीताईंनी तेही मान्य केलं नाही. घाबरला की तो खाली बसतो, असं त्यांनी सांगितलं. यावर इन्स्पेक्टरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग आधी हार्ट बंद पडलं असेल आणि नंतर ते पडले असतील. तिसरा वार्ताहर गेला. जो ज्या क्षणी बाहेर पडला त्याने त्या क्षणीचं मरण बातमीत दिलं.

"अर्ध्या तासात माझ्या नवऱ्याला तुम्ही तीनदा मारलं," मीनाक्षीताई म्हणाल्या. "एकदा तरी दाखवा."

तरसेमने तेवढ्यात आपली माहिती जोडली. मरणाऱ्याने शेवटी कुणालातरी हाक मारली होती. ‘गेला’ असं नाव घेतलं होतं. हा गेला त्याचा साथीदार असणार आणि त्याच्या मागावर दोन माणसं पाठवली आहेत. मला त्या परिस्थितीतही खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं. तर शेजारच्या खोलीतूनही कुणीतरी खोकलं.

मीनाक्षीताई उठल्या. कुणाला न विचारता त्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे. सतरंजीवर बसलेल्या घोळक्यात सोनेरी शेरवानी घालून, डोक्याला तुरा लावून राजाभाऊ बसले होते. मांडीवर शेंगांची टरफलं होती.

इन्स्पेक्टर मागून आले. हे लक्ष्मीकांतजी आहेत, त्यांनी ओळख करून दिली, नवरदेव आहेत. तुम्ही ओळखता का? मीनाक्षीताईंनी त्यांना तुऱ्यापासून टरफलांपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "लग्न कवा आहे यांचं?"

"मीनाक्षी, मी सांगतो न तुले सारं," राजाभाऊ उठत म्हणाले.

त्या इन्स्पेक्टरांकडे वळल्या. "है तो मेरा ही आदमी," त्या म्हणाल्या, "लेकिन अभी दो-चार दिन इधर ही रख लो." आणि बाकावर बसल्या. मी पाणी आणून दिलं तर त्यातलं अर्धं त्यांनी स्वेटरवर सांडलं. राजाभाऊ येऊन त्यांच्या शेजारी बसले. डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या टोकाने त्यांचा स्वेटर पुसत राहिले. दुकानाचा माल आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

एवढ्यावर संपायला हवं होतं, पण संपलं नाही. पोलिसांच्या दृष्टीने गावंडे मेलेला होता आणि समोरचा माणूस लक्ष्मीकांत होता, त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. ओळखपत्रावरचा फोटो बिनमिशीचा आणि फार जुना. तरसेमने तो राजाभाऊंच्या चेहऱ्याशेजारी धरला, मान वाकडी करून पाहिला आणि म्हणाला, थोडंफार साम्य आहे, भाऊ असू शकतो. इन्स्पेक्टरांनी लगेच सहानुभूतीने विचारलं, तुम्ही मयताचे भाऊ का? आणि तो गेला कोण, ते सांगू शकाल का?

शेवटी निमिष पुढे आला. ‘गेला’ हे नाव नाही, क्रियापद आहे, हे त्याने इन्स्पेक्टरांना नीट समजावून सांगितलं. कर्ता कोण? कोट. कोट पुल्लिंगी, म्हणून गेला. टोपी असती तर गेली म्हणाले असते. इन्स्पेक्टरांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि शोधाला गेलेल्या दोघांना परत बोलावलं. या सगळ्यात राजाभाऊंचं खरं नाव निमिषला कळलं. बाजारातल्या पाटीवर ते त्याने कितीदा तरी वाचलं होतं, फोटोकडे मात्र कधी लक्ष दिलं नव्हतं. "काका, म्हणजे तुम्ही माझ्याच मागे होतात?" त्याने विचारलं. राजाभाऊंनी मान खाली घातली आणि ‘हाव’ म्हणाले. निमिष रागावला नाही. भांगड्याचं तेवढं सासूबाईंना सांगू नका, एवढंच तो म्हणाला. राजाभाऊंनी पुन्हा एकदा छातीवर हात ठेवला.

मीनाक्षीताईंच्या शब्दावर त्या रात्री राजाभाऊंना घरी सोडलं, पण प्रश्न उरलाच. हा जिवंत असेल तर पडला कोण? राजाभाऊ म्हणत होते पुतळा. तरसेम म्हणत होता, मी त्याचे पाय झाडताना पाहिले. सुखचैन सिंग यांची पंचाईत अशी की एक माणूस मेल्याचं ते वरपर्यंत कळवून बसले होते. गावंडे नाही तर दुसरा कुणीतरी द्यावा लागणार होता.

सकाळी तिन्ही बातम्या लोकांनी वाचल्या आणि आमच्या दारात माणसं यायला लागली. राजाभाऊंची मुलगी ईश्वरी गुरगावला नोकरी करते. तिला चौकीतून निघतानाच आईने कळवलं होतं, तरी तिने सकाळी पुन्हा फोन केला आणि "मम्मा, पापा से बात कराओ, वीडियो पे," असा हट्ट धरला. मग पापा दिसल्यावर तासभर त्यांना हिंदीतून रागावली. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी ओजस्विनी हार घेऊन आल्या. दार राजाभाऊंनीच उघडलं. बाईंना काय करावं सुचेना, त्यांनी हार राजाभाऊंच्या गळ्यात घातला आणि नमस्कार केला. राजाभाऊंनी तोंडभर आशीर्वाद दिला. दिवसभर जो येई त्याला ते एकच सांगत होते, "मेलो असेन तर असेन, पण घाबरून नाही."

दुपारी मात्र ते उठले, हार खुंटीला अडकवला आणि कामाला लागले. रजयांचा टेंपो कुठला? बाजारातल्या रजईवाल्यांच्या शेजारी जाऊन ते नेहमीसारखे चहा प्यायले. शेजाऱ्यांनी सगळं सांगितलं. माल पिंजौरला गेला होता, बागेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात. राजाभाऊंनी चौकीत जाऊन ते कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर, तरसेम आणि मयत असे तिघे एकाच जीपमधून पिंजौरला निघाले.

धुकं दाट होतं. दुकानासमोर जीप थांबली तेव्हा एक उंच माणूस करडा कोट घालून, खांद्यावर फुलाफुलांची रजई घेऊन दारात उभा असलेला दिसला. तरसेमने उडी मारली आणि हात वर करायला सांगितलं. त्याने केले नाहीत. तरसेमने पुन्हा सांगितलं, आधी पंजाबीत आणि मग इंग्रजीत. तो माणूस हसतमुखाने समोर बघत राहिला. आतून रजईवाला बाहेर आला आणि म्हणाला, साहेब, हा मालाबरोबर फुकट आलाय, याच्यामुळे गिऱ्हाईक थांबतं, याला काही करू नका.

पंचनामा झाला. पुरुष, वय अंदाजे तीस, रंग गोरा, बांधा मजबूत, अंगावर जखम नाही, चेहऱ्यावर समाधान. राजाभाऊंनी कोट मागितला तर तो पुरावा म्हणून ठेवून घेतला. तरसेमने पुतळ्याचे पाय हलवून पाहिले. गुडघ्याशी सांधा होता आणि तो खरंच हलत होता. "मैंने कहा था," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. परत येताना वाटेतल्या ढाब्यावर इन्स्पेक्टरांनी सगळ्यांना पराठे खाऊ घातले आणि राजाभाऊंची माफी मागितली. राजाभाऊंनी माफ केलं, पण वर कळवताना ‘घाबरून’ हा शब्द खोडून घ्या म्हणाले. इन्स्पेक्टरांनी तो खोडला. त्या जागी ‘गैरसमजातून’ असं लिहिलं. गावंडे गैरसमजातून मरण पावले, असं ते वाक्य आता आहे, आणि ते दुरुस्त करण्याचं काम अजून चालू आहे.

हरकीरत कौर अहवाल घ्यायला आल्या तेव्हा मीनाक्षीताईही ऑफिसात होत्या. त्या घटनेनंतर त्यांनी नवऱ्याला एकट्याला पाठवणं बंद केलं होतं. राजाभाऊंनी सांगितलं की मुलगा निर्व्यसनी आहे, मनाने सरळ आहे. मग तो रोज जातो कुठे, बाईंनी विचारलं. राजाभाऊ गडबडले. एका बाजूला एक शब्द, दुसऱ्या बाजूला दुसरा. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले.

मीनाक्षीताईंनी हरकीरत कौर यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि विचारलं, तुमच्या घरी लग्नात सगळ्यात वाईट कोण नाचतं? बाई चकित झाल्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि त्या म्हणाल्या, मी. कुणाला सांगत नाही, पण मला ठेका समजत नाही, प्रत्येक लग्नात मी स्वयंपाकाकडे बघायचं निमित्त काढते. मीनाक्षीताई म्हणाल्या, मग मुलगा तुम्हाला चांगला जावई होईल. पुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलंही नाही. त्या जाताना हसत होत्या, असं राजाभाऊ सांगतात.

तेव्हापासून बाजारातल्या त्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. येणारी माणसं आधी मीनाक्षीताईंशी बोलतात. त्या फार प्रश्न विचारत नाहीत, एखादाच विचारतात. राजाभाऊ बाहेरची कामं करतात, तळमजल्यावरची असतील तर एकटे. मागच्या आठवड्यात एका कर्नलांचा हरवलेला पोपट त्यांनी शोधून काढला. पोपट एका शेजाऱ्याच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर बसला होता. राजाभाऊंनी खालून त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या, मूर्तिजापूरच्या, एअर फोर्सच्या, आणि पोपट आपला आपण खाली उतरून आला.